बिनआकड्यांचं घड्याळ

बाबा, तुम्हाला एक घड्याळ दाखवायचं होतं. तुमची नात बंगळुरूहून आणून माझ्या हाताला बांधून गेली. तबकडीवर एक आकडा नाही की कंपनीचं नाव नाही. हिवाळ्यात भेडाघाटला कड्यांच्या सावलीत नर्मदेचं पाणी दिसतं तो गर्द हिरवा रंग, आणि दोन बारीक काटे. मी म्हटलं, "अगं, नाव लिहायचं विसरले का हे लोक?" ती हसली. "आई, नावासाठी सगळेच घेतात. परदेशातल्या चार-पाच जणांचं छोटंसं काम आहे हे. एवढ्या रंगासाठी त्यांनी किती तबकड्या फेकल्या असतील! ज्याले कळते त्यालेच कळते." किंमत विचारली तर म्हणे, "चहा घे, थंडा होऊन राहिला." शेजारणीने माझं मनगट उलटंपालटं करून निकाल दिला, "बिना नाम की घड़ी? दीदी, बिटिया को ठग लिया किसी ने!"

मला मात्र ते मनापासून आवडलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं जमेल तसं वाचून शिकले, असल्या वस्तूंवर बोलायची भाषा माझ्याकडे नाही. पण पोळीची कड कुठे पातळ करायची हे ज्या हाताला न सांगता कळतं, तसा हात मला त्यात दिसला. कडेवरून बोट फिरवा, कुठे अडत नाही. रोज सकाळी चावी द्यावी लागते. तुम्ही कारखान्याचा भोंगा झाला की त्याच्याशी घड्याळ जुळवायचे आणि मला मांडीवर घेऊन काटे वाचायला लावायचे. त्या जोरावर हे बिनआकड्यांचंही मी सहा-सात महिने सहज वाचलं.

मागच्या आठवड्यात कढी चुलीवर होती. मी मनगट वर केलं. काटे दिसले. काटे आहेत हेही कळलं. पण ते काय सांगून राहिले, ते कळेना. अनोळखी माणूस ओठ हलवतो आणि आवाज येत नाही, तसं. कढी उतू गेली तरी मी तशीच उभी. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आहे, मान वर केली की दिसतं. मी मान वर केली नाही. तेही वाचता आलं नाही तर? थोड्या वेळाने सगळं आपोआप जागेवर आलं. पण परवा पुन्हा तसंच झालं, आणि तेव्हापासून मनातली भीती जात नाही.

कारण मला तुम्ही आठवता. तुम्ही जाण्याआधी, शेवटच्या वर्षी, पलंगावर बसून तुम्ही हातातलं घड्याळ काढून दिलंत. "हे बिघडलं. दुरुस्त करून आण." मी बाजारात नेलं. घड्याळवाले भैया म्हणाले, "बहनजी, एकदम सही चल रही है." परत आणून दिलं तर तुम्ही म्हणालात, "अच्छा, आता बरं झालं," आणि मनगटाला बांधलंत, पण त्याच्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाहीत. मला वाटलं, म्हातारपणाची लहर. पुढे काही महिन्यांत तुम्ही मला आईच्या नावाने हाक मारू लागलात. आज विचारते, बाबा. घड्याळ बरोबर आहे, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं ना? एकटेच घाबरत बसला होतात का?

काल मुलीचा फोन आला. "आई, काल फोनवर वेळ सांगताना तू अडखळलीस. माझंच चुकलं, तुझ्या वयाला बिनआकड्यांचं काहून आणलं मी! मोठ्या आकड्यांचं पाठवते."

"काही नको. हेच छान आहे."

"बघ! म्हटलं होतं ना, आईची नजर पारखी आहे!" किती खूश झाली पोर.

आवडतं हे खरंच आहे. पण कोणी वेळ विचारली आणि मी थांबले, तर लोक घड्याळाला हसतात, मला नाही. आकड्यांचं हाताला बांधलं की लपायला जागा उरणार नाही. ती रविवारी येणार आहे. माझ्यासोबत डॉक्टरकडे चल, एवढंच म्हणायचं आहे, आणि जीभ उचलत नाही.

हे सगळं तिलाच लिहायला बसले होते, बाबा. वर तुमचं नाव घातलं, म्हणजे पाठवावं लागत नाही.