एका फितीवरची चांदणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून (कंबर परवानगी देईल तेवढा) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी पाठ आहे तशीच आहे, म्हणजे वाईट. ‘समारंभाला येणार नाही, लेकाचं पदक पोस्टाने पाठवा म्हणावं’ हे तुझं एका ओळीचं पत्र पोचलं. ते राहू दे. माझ्यावर काय गुदरलं तेवढं ऐक.

पलटणीच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवायला आपल्या लंबूचा गणवेश मीच शिवला. (मामा शिंपी असताना दुसऱ्या कुणी शिवला असता तर मी दुकानाला कुलूपच लावलं असतं.) शौर्यपदक त्याला दोनदा मिळालं, म्हणून छातीवर दोन फिती लावल्या, शेजारी शेजारी, अगदी दोरा धरून. तपासायला आलेला हवालदार (मिशीलासुद्धा इस्त्री केलेली) म्हणाला, तेच पदक पुन्हा मिळालं तर फीत एकच, तिच्यावर फक्त एक छोटी चांदणी. मी हुज्जत घातली. दुसरा कोट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी पहिल्याच कोटाला एक बटण लावून वाटेला लावतो का? पहिल्या वेळी पोरगा लंगडत का होईना, घरी आला. दुसऱ्या वेळी आलाच नाही, आणि त्याची खूण मसुराच्या दाण्याएवढी! हवालदाराने टोपी काढली आणि म्हणाला, “काका, नियम मी नाही केला.” मग मीच खजील झालो आणि दुसरी फीत उसवली.

चांदणी लावायला घेतली, तर चिमट्यातून उडाली. लोहचुंबक फिरवलं, अकरा सुया आणि चष्म्याचा हरवलेला स्क्रू निघाला. (चांदणी पितळेची, ती कशाला चिकटते!) तुझ्या भावजयीने दुकानभरच्या चिंध्या पिठाच्या चाळणीतून चाळल्या आणि मला नाही नाही ते बोलली. मशीनखाली घातलेलं डोकं टेंगूळ घेऊन बाहेर आलं. गणवेश अजून अर्धवट आहे आणि हवालदार रोज विचारून जातो.

तुझा,
धाकटा

ता. क. चांदणी हरवलेली नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या पायमोज्यात सापडली. कुणाला सांगितलं नाही, खिशात घेऊन फिरतोय. ती लावली की लंबूचं माझ्याकडचं शेवटचं काम संपेल, ताई. मला ते संपवायचं नाही.

आणखी एक. म्हणून तू ये. दोन बारीक टोकं आहेत, फितीतून घालून मागे वाकवायची. माझ्या हातून ते होणार नाही, तू लाव. आणि बाह्याही बघ. तोकड्या झाल्या म्हणून दर वेळी ओरडायचा, या वेळी दोन बोटं जास्त ठेवल्यात. बरोबर झाल्यात का, ते आता तुझ्याशिवाय कोण सांगणार?