मागची खोली

ता. ३ मार्च

प्रिय अक्का,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. गुडघा पुन्हा धरलाय म्हणतेस, तर जिने चढू नकोस, नातवंडांना खाली बोलाव. मी ठणठणीत आहे. वजन दोन किलोने वाढलंय आणि डॉक्टर माझ्याकडे पाहून नुसती मान हलवतात.

तू अन्नछत्राच्या स्वयंपाकघराबद्दल विचारलंस. अगं, तिथे वेळ कसा जातो कळत नाही. आठला पोचायचं, हात धुवायचे, एप्रन बांधायचा. दीडशे माणसांचा भात, मोठ्या पातेल्यात भाज्या घातलेली डाळ, आणि बेकरीवाला देतो ते पाव. गाजरं सोलण्यात मी आता इतका तरबेज झालोय की तुझी भावजय असती तर हसून गडबडा लोळली असती. हयात असताना तिने मला कधी सुरी हातात धरू दिली नाही.

बाराला दार उघडतं. दारावर मी! स्वयंपाकघर चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं की चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासलेल्या माणसाच्या नजरेतून कुणी सुटायचं नाही. नियम साधा आहे. एकाला एक ताट, आणि तिथेच बसून खायचं. पूर्वी लोक बांधून न्यायचे, उरलेलं गल्लीत टाकायचे, शेजारपाजारचे भांडायला यायचे. म्हणून हा नियम.

परवा एक गंमत झाली. एक म्हातारे येतात, पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचे, त्यांना सगळे पेंटर म्हणतात. जेवून गेले आणि पंधरा मिनिटांनी रांगेत पुन्हा हजर! पहिल्यांदा डोक्यावर टोपी होती, आता टोपी गायब आणि गळ्यात मफलर. मी म्हटलं, "काय पेंटर, टोपी काढली की पोटही नवं मिळतं का?" सगळी रांग हसली. आमचे वाढपीसुद्धा डाव टेकून हसत उभे. म्हाताऱ्यांनी ताट टेबलावर ठेवलं, "चुकलं साहेब" म्हणाले आणि गेले. जुनी सवय, दुसरं काय!

साप्ताहिकात माझा फोटो आला तो तू सगळ्या आळीला दाखवलास म्हणे. पुरे आता. असं काही मोठं काम नाही ते.

मागच्या खोलीचं विचारलंस. गळतीचं काम अजून राहिलंच आहे, गवंडी मिळत नाही. बघू.

सगळ्यांना आठवण सांग.

तुझा धाकटा


ता. २९ मे

प्रिय अक्का,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि मी उत्तर दिलेलं नाही. आजारी नाही, काळजी करू नकोस. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा हवापाण्याच्या पुढे गेलो नाही. आज सगळं लिहून टाकतो. मध्ये थांबलो तर पुन्हा जमायचं नाही.

मागच्या पत्रात पेंटरांची गंमत लिहिली होती. तू उत्तरात लिहिलंस, "तू लहानपणापासून असाच मिश्कील." ते वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं.

त्या दिवसानंतर पेंटर आलेच नाहीत. चौथ्या दिवशी भांडी घासणाऱ्या मावशी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या स्वतः दोन वर्षं रस्त्यावर काढलेल्या बाई आहेत, कमी बोलतात. म्हणाल्या, "साहेब, ते दुसरं ताट त्यांच्या बायकोचं होतं. तिला चालवत नाही."

"मग सांगायचं ना!" मी म्हटलं.

"सांगितलं तर बेघरांना उचलणाऱ्या संस्थेची गाडी येते. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. तिला काही आठवत नाही हल्ली. नवऱ्याला तेवढं ओळखते. त्याच्याच हातून जेवते."

मावशींना जागा विचारून मी त्या दुपारी डबा भरून घेऊन गेलो. जुन्या बस स्टँडच्या बंद तिकीटखिडकीमागे पुठ्ठ्यांचा आडोसा केला होता. तिथे पेंटर बायकोची वेणी घालत बसले होते. अक्का, इतकी चापूनचोपून वेणी मी आपल्या आईच्या हातचीच पाहिली होती. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "आज थोडं उरलं होतं." उरलं नव्हतं. नियम मोडून मी बाजूला काढलं होतं, पण तेही सांगितलं नाही. पेंटरांनी माझ्यासाठी पुठ्ठा झटकला. "बसा साहेब." बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "गाडी किती वाजता सुटणार?" मी म्हटलं, "सुटेल आता." पेंटर हसले. मलाही हसू आलं. चार दिवस ती दोघं कशावर राहिली असतील हे मी विचारलं नाही.

आठ दिवस रोज गेलो. बाईंच्या पायाला जखम होती, ती चिघळत चालली होती. नवव्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं आणि मॅडमनी संस्थेला फोन केला.

तुला वाटेल, बरोबरच केलंस. सगळ्यांना तसंच वाटलं. जखम खरंच वाईट होती. पण ऊनही वाढलं होतं गं, आणि स्टँडपर्यंत वीस मिनिटं चालत जायचा मला कंटाळा आला होता. जखमेचं निमित्त मिळालं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे मी मॅडमना सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची समाजसेविका आली. तरुण पोर, पण कामाची. पायावर औषधपाणी होईल, बाईंना महिलाश्रमात ठेवू, पेंटरांची पुरुषांच्या निवाऱ्यात सोय होईल, असं तिने सांगितलं. दोन्ही शहराच्या दोन टोकांना. मग ती ओट्याला टेकून म्हणाली, "खरं तर यांना एकत्र ठेवायला हवं. बाईंची तेवढीच ओळख शिल्लक आहे. तुमच्यापैकी कुणाकडे एखादी खोली आहे का? दोन-तीन महिने पुरेत. तोवर मी दुसरीकडे बघते."

आम्ही अकराजण होतो. मावशी म्हणाल्या, "आमच्यात एका खोलीत पाचजण आहेत, नाहीतर नेलं असतं." कुणी म्हणालं सुनेला विचारावं लागेल, कुणी म्हणालं घरमालक खट आहे. मॅडम वसतिगृहात राहतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण माझ्या घराचं कुणालाच काही माहीत नाही. मी गाजर सोलत होतो. ते सोलून झालं तसं मी दुसरं घेतलं.

अक्का, मागची खोली गळत नाही. कधीच गळत नव्हती.

भाऊजी गेल्यावर तू लिहिलंस, "काही दिवस तुझ्याकडे येऊन राहू का? सूनबाईच्या घरात मला पाहुण्यासारखं वाटतं." तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं आणि मग गळतीचं लिहून पाठवलं. माझं कारण ऐकशील तर तुलाच लाज वाटेल. सकाळी रेडिओ मोठ्याने लावता यायला हवा, चहा माझ्या वेळेला व्हायला हवा, आणि बाथरूमबाहेर कुणी थांबलेलं नको. बस्स, एवढंच. मला मांडीवर घेऊन वाढवलेल्या बहिणीला मी एवढ्यासाठी टाळलं. तू विश्वास ठेवलास. गवंडी कसा शोधावा तेसुद्धा कळवलंस. एकदा खोटं खपलं की दुसऱ्या वेळी बोलावंही लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी भागतं.

त्याच दिवशी दहाला गाडी स्टँडवर आली. मी गेलो होतो. बाईंनी पेंटरांचा शर्ट मुठीत धरला आणि सोडेनात. पेंटर सारखे म्हणत होते, "चांगली माणसं आहेत गं ही. पाय बरा करून आणतात." शेवटी समाजसेविकेने एकेक बोट सोडवलं. पेंटरांचा शर्ट छातीवर उसवला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे तिला डॉक्टर मिळाला." मी मान डोलावली.

त्यानंतर ते रोज जेवायला यायला लागले. रांगेत उभे राहायचे, जेवायचे, ताट विसळून द्यायचे. रविवारी भेटायला सोडायचे, तेव्हा दोन बस बदलून जायचे. मी दारावर उभा. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज काहीतरी निघायचं. असे एकोणचाळीस दिवस गेले. मोजायची सवय नोकरीतली.

एका रविवारी ते आश्रमातून परस्पर स्वयंपाकघरात आले. सगळं आवरलं होतं. मावशींनी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "आज तिने मला दादा म्हटलं. म्हणाली, दादा, इथल्या बायकांना सांगा, मला न्यायला येणार आहेत." मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

तेव्हा मी बोललो. म्हटलं, "पेंटर, माझ्या घरी मागे एक खोली आहे. तुम्ही दोघं या राहायला."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "तेव्हा होती का?"

"होती."

"रिकामी?"

"रिकामी."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाले आणि उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी आले आणि दारातच म्हणाले, "तिच्यासाठी येतो."

कागदपत्रांना सहा दिवस लागले. आता महिना झाला, दोघं इथे आहेत. त्या खोलीतलं तुझं लग्नाआधीचं कपाट मी माझ्या खोलीत आणलंय, आतल्या वस्तूंना हात लावलेला नाही. बाईंचा पाय भरून आलाय. खिडकी त्यांना आवडते, खाली कुत्री दिसली की टाळ्या वाजवतात. पण पेंटरांना त्या ओळखत नाहीत. एका खोलीत परका पुरुष कसा, म्हणून रडायला लागतात, तेव्हा पेंटर बाहेर माझ्या खोलीत झोपतात. वेणी घालू देत नाहीत. मावशी संध्याकाळी येऊन जातात, त्यांच्या हातून जेवतात, नाहीतर माझ्या. माझ्या हातून, अक्का!

काल मी भात भरवत होतो. पेंटर दारात उभे होते. बाईंनी हळूच मला विचारलं, "ते गृहस्थ रोज का येतात हो?"

मी म्हटलं, "ते तुमचे यजमान आहेत."

त्या खुदकन हसल्या. "छे! आमचे हे बोर्ड रंगवायला गेलेत. उंच शिडीवर चढतात, मला काळजी लागते."

मला पुढचा घास उचलवेना. पेंटर म्हणाले, "राहू द्या साहेब. आठवण तरी काढते ना. भरवा तुम्ही, गार होईल."

समाजसेविका म्हणते, आजार वाढतोच, कदाचित एकत्र राहूनही हे झालं असतं. कदाचित. पण ते एकोणचाळीस दिवस त्यांच्याकडे होते आणि मी ते गाजरं सोलत घालवले. पेंटर मला एका शब्दाने बोललेले नाहीत. उलट सकाळी चहा करतात. रेडिओ मी लावत नाही.

हे सगळं तुला आणखी कशासाठी लिहितोय, ते तू ओळखलंच असशील. जी खोली तुला दिली नाही ती परक्यांना दिली, आणि तीही उशिरा. माझी खोली मोठी आहे, खिडकी पूर्वेची. मी घरच्या स्वयंपाकघरात आनंदाने पडेन. ये म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो, ये. बाईंची वेणी घालायला कुणी बाई हवी, असंही कारण देता आलं असतं. कारण देत नाही. तू यावीस असं वाटतं, एवढंच.

रागावली असशील तर तसं लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल. चिरंजीवांकडून निरोप पाठवू नकोस, तुझ्या हाताने लिही.

तुझा,
धाकटा