हिरड्याचे तीन वेढे

४ नोव्हेंबर, सोमवार
मालन गेली. मुलुंडला, निशाकडे. लेकीचंच घर आहे, राहू दे!

काल भाऊबीजेला तिचा भाऊ अनंता जेवायला होता. मालनने रोजच्यासारखी वाटी माझ्यापुढे ठेवली — सहाणेवर उगाळलेला हिरडा आणि सुंठ. मी म्हणालो, "तीस वर्षं हा चिखल पितोय, गुण शून्य." अनंता खो खो हसला. मालन नाही हसली. आज सकाळी पिशवी भरून दारात — "मगे तुमचा पोट तुम्हीच बघा."

बघतो की. त्यात काय एवढं!

५ नोव्हेंबर
चकल्या अकरा. पोट तबला.

६ नोव्हेंबर
सहाण काढली. डब्यातली सगळी मुळं मला सारखीच दिसतात. सुंठ म्हणून भरपूर उगाळून प्यायलो ते वेखंड निघालं. चार उलट्या. शेजारचा अंबादास ओवा आणि गरम पाणी घेऊन आला. "वहिनीला फोन कर ना यार, वाट लागेल तुझी." मी म्हटलं, रेंज नाही. मुंबईत, भर चारकोपमध्ये!

७ नोव्हेंबर
निशाला फोन केला. सहजच. मागून मालनचा आवाज — "हिरड्याचे तीन वेढे, सुंठीचे दोन. आणि वेखंडाक हात लावू नका म्हणान सांग." वेखंडाचं मी काही बोललोच नव्हतो.

फोनवर आली नाही. आवाज बारीक वाटला. अजून राग असणार.

८ नोव्हेंबर
सहाणेवर मोजून तीन, मोजून दोन. दुपारपर्यंत गुण आला. फार चिडचिड झाली.

१० नोव्हेंबर
पोट उत्तम. आता फोन कुठल्या निमित्ताने करायचा? दोन वेळा टीव्ही लावला, बंद केला. मला तिच्याशिवाय करमत नाही. हे इथेच लिहितोय, तिला सांगणार नाही.

११ नोव्हेंबर
निशाला खोटंच सांगितलं — पोटात कळ येतेय, आईला दे. निशा रडायलाच लागली. "बाबा, आईचं काल ऑपरेशन झालं. आतड्यातली गाठ काढली, तपासायला पाठवलीय. वर्षभर दुखत होतं तिच्या पोटात. भांडण झालं ते बरंच झालं म्हणाली, यांना सांगायला नको."

वर्षभर. एकाच घरात. ती रोज विचारायची, पोट कसं आहे. मी एकदाही विचारलं नाही.

रिक्षा खाली उभी आहे.