विहिरीपुरतं एक कासव

३ मार्च १९७५
रोजनिशी पुन्हा सुरू. पलटणीत असताना नियमित होती, रिटायर होऊन गावी आल्यावर खंड पडला. दोष माझा नाही. गावात वातावरणच नाही.

मुख्य विषय विहीर. पाणी हिरवंगार झालंय. वर शेवाळ, खाली गाळ, मध्ये किडे. आज गायीनं बादलीत तोंड घातलं आणि माझ्याकडे बघून परत काढलं. राही, म्हणजे सौ., संक्रांतीपासून पलीकडच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणते. म्हणाली, "आवं, हीर उपसा की येकदा."

उपसायला इंजिन लागतं. इंजिन जोतीरामचं आहे. जोतीराम माझा थोरला भाऊ. विहीर दोघांची सामाईक, घरं बांधाच्या अल्याड-पल्याड, आणि बोलणं दोन वर्षं बंद. कारण नोंदवून ठेवतो. मी आल्या आल्या पाण्याच्या पाळीचं टाइमटेबल करून विहिरीवर टांगलं आणि चार लोकांसमोर त्याला एवढंच म्हटलं, की दादा, तुला शिस्त कुणी लावलीच नाही. यात राग येण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

इंजिन मागायला जाणार नाही. दुसरा मार्ग निघेल.

५ मार्च
निघाला. पिठाच्या गिरणीवर केरबा भेटला. गिरणी त्याचीच, त्यामुळे गर्दीत त्याचं ऐकावंच लागतं. म्हणाला, "लालासायब, हिरीत येक कासव सोडा. किडं खातंय, शेवाळ खातंय, पानी आरशावानी ऱ्हातंय. उपसायचं कामच न्हाई."

म्हणजे इंजिन नको, मजूर नको, जोतीराम नको. एवढी साधी गोष्ट गावाला सुचली नाही. राहीला सांगितलं. ती घागर घेऊन निघालीच होती. म्हणाली, "कासव गाळ काडतंय व्हय?" बायकांना टेक्निकल बाजू पटकन समजत नाही.

८ मार्च
पेपरात वाचलं, रानटी जनावरांबद्दल सरकारचा नवा कायदा आहे. केरबा म्हणतो, "कायदा वाघाचा हाय. कासवाला कोन इचारतंय?" पण मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. सही-शिक्क्याशिवाय एक बूट बाहेर जाऊ दिला नाही. जे करायचं ते नियमाने. सांगलीला जाणार.

११ मार्च
सांगलीला जाऊन आलो. वनखात्याच्या ऑफिसात साहेबांना भेटलो. सॅल्यूट ठोकला. त्यांना आवडला असावा. कासव कशाला हवं, विचारलं. मी म्हटलं, वैयक्तिक वापरासाठी. ते म्हणाले, खाणार का? मी म्हटलं, छे, विहिरीत कामाला ठेवणार. साहेब म्हणाले, रानातलं कासव धरायचं नाही, पाळायचं नाही, आणि यासाठी परवानगी मिळणार नाही.

परंतु हे बोलताना साहेबांचं लक्ष समोरच्या फायलीत होतं. शिवाय लेखी काही दिलं नाही. लेखी नाही ती ऑर्डर नाही. मी माझं नाव, गाव, मळ्याची खूण सगळं आपणहून सांगितलं. त्यांनी ते कारकुनाकडून लिहून घेतलं. अर्थात प्रकरण विचाराधीन आहे. होकार येईपर्यंत तयारी करून ठेवायला हरकत नाही.

येताना आष्ट्याला उतरून सुतळी घेतली.

१६ मार्च
रेकी. कृष्णेकाठी, ओढा नदीला मिळतो तिथे, खडकावर तीन कासवं ऊन खात होती. काळी, परातीएवढी. केरबा काठावरून मार्गदर्शन करत होता. पाण्यात उतरत नाही, त्याला पाण्याचं वावडं आहे, हे आजच समजलं. मी पोटावर सरपटत गेलो. ट्रेनिंगमध्ये यात मला शाबासकी मिळाली होती. हाताच्या अंतरावर पोचलो आणि तिन्ही एकदम पाण्यात. गळ्यापर्यंत चिखल. धुणं धुणाऱ्या बायका होत्या. त्यांनी हसायला नको होतं.

कासव मंद असतं ही अफवा आहे.

१९ मार्च
जाळं. जाळ्यात एक फाटकी चप्पल आणि केरबाचा पाय.

२३ मार्च
टोपलीखाली काकडी ठेवून दोरी लावली आणि झुडपामागे बसलो. एका शेळीनं काकडी खाल्ली. शेळी जोतीरामची निघाली. त्यानं मुद्दाम सोडली असेल असं मी म्हणणार नाही, पण योगायोग विचित्र आहे.

घरी आलो तर राही आणि जोतीरामची बायको रंगूबाई बांधावर घागरी टेकवून बोलत होत्या. या दोघींचं बोलणं कधी बंद पडलंच नाही. पाणीही दोघी मिळूनच आणतात. आमच्या भांडणाचं गांभीर्य त्यांना नाही. रंगूबाईची मान आखडली आहे म्हणे. लवकरच दोघींची खेप वाचणार आहे, पण आत्ताच सांगितलं नाही. सरप्राइज.

१ एप्रिल
ठराव: पाडव्यापर्यंत कासव विहिरीत. नाहीतर मिशी उतरवीन.

६ एप्रिल
ठरावातलं मिशीचं कलम रद्द. उन्हाळ्यात ओठाला ऊन लागतं.

१० एप्रिल
यश!

मी सावलीत पुढच्या चढाईचा विचार करत पडलो होतो. राही पाणी घेऊन आली. डोक्यावर घागर, कमरेवर लुगड्याच्या पदरानं झाकलेलं घमेलं. घमेलं माझ्यापुढे उपडं केलं. म्हणाली, "ह्ये घ्या तुमचं. ओढ्याच्या वाटंवर निवांत चाललं हुतं. आता तरी घरात बसा, लोक काय बाय बोलाय लागल्यात." खाली कासव. मी उचललं तर माझ्या खाकी शर्टवर घाण पाणी सोडलं. वास साबणानं जात नाही.

योजना माझी, प्रत्यक्ष कारवाई घरच्या तुकडीची. श्रेय संयुक्त.

१२ एप्रिल, पाडवा
सकाळी गुढी उभारून, नारळ फोडून कासव विहिरीत सोडलं. केरबानं टाळ्या वाजवल्या. कासव बुडालं ते दिसलं नाही. कामाला लागलं असणार. बांधापलीकडे जोतीराम गुढीला कडुलिंब बांधत उभा होता. एकदा विहिरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग आत गेला.

१५ एप्रिल
पाण्याचा रंग किंचित उजळ. राहीला दिसत नाही. तिची नजर तपासून घ्यायला हवी.

१९ एप्रिल
गायीनं पुन्हा तोंड काढलं. जनावर सवयीचं गुलाम असतं.

२१ एप्रिल
आष्ट्याच्या बाजारात लोकांना योजना समजावून सांगितली. चांगली गर्दी जमली. विहीर उपसणं हे जुन्या काळचं तंत्र आहे, असं मी म्हटलं. एकानं विचारलं, सरकारची परवानगी हाय का? मी म्हटलं, सांगलीला साहेबांशी प्रत्यक्ष बोलणं झालंय. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

२४ एप्रिल
वनखात्याचा गार्ड आला. नाव यल्लाप्पा. सभ्य माणूस, चहा अर्धाच प्यायला. मला वाटलं परवानगी घेऊन आलाय. म्हणाला, "हवालदारसायब, तुमीच हापिसात नाव देऊन गेलाय. सायबांनी तवाच न्हाई म्हटलं हुतं. आता सगळा बाजार सांगतोय, तुमी धरलंय म्हनून."

मी वैयक्तिक वापराचा मुद्दा मांडला. तो म्हणाला, "वापर कसला बी असू द्या. रानातलं धरायचं न्हाई. तुमी मिल्ट्रीतलं मानूस, म्हनून सायबांनी येक संदी दिलीया. सोमवारी मी येतो. माज्यासमोर कासव काडा आन नदीत सोडा. न्हाईतर केस हुईल. मग कोर्टाच्या फेऱ्या. पेन्शनचं काय हुईल त्ये मला ठावं न्हाई."

राही दारात उभी होती. पेन्शनवरच घर चाललंय हे तिनं सांगण्याची गरज नव्हती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ एप्रिल
टोपलीत भाकरी ठेवून दोरीनं विहिरीत सोडली. वर काढली तर भाकरी ओली.

पायऱ्यांनी खाली गेलो. चौथी पायरी शेवाळाची होती. पाणी छातीपर्यंत आणि खाली गाळ, पाय रुतला तो निघेना. वासानं डोकं गरगरलं. हे पाणी मी महिनोन्महिने वरूनच बघत होतो. राहीनं दोर टाकून वर ओढलं.

निष्कर्ष: विहीर उपसल्याशिवाय कासव सापडणार नाही.

२६ एप्रिल
इंजिन मागायला बांधापर्यंत गेलो. जोतीराम अंगणात खाटेवर बसून विळ्याला मूठ बसवत होता. मला बघून त्याचा हात थांबला. मी बांधावरच्या बाभळीचं निरीक्षण केलं आणि परत आलो. बोलायचं काय, याचा मसुदा आधी पक्का हवा. घाईत चुकीचा शब्द जातो.

राहीला म्हटलं, रंगूबाईकडून निरोप पाठव. म्हणाली, "म्या न्हाई. तुमचं तोंड तुमच्यापाशी हाय." उद्या नक्की जाणार.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी चहा घेत होतो तर इंजिनाचा आवाज. आपल्याच विहिरीवर! धावत गेलो. जोतीरामनं इंजिन आणून जोडलं होतं, पाइप सोडले होते आणि पाणी उसाच्या सरीत धो धो चाललं होतं. गार्डचं आणि पेन्शनचं रंगूबाईनं त्याला सांगितलं असणार. त्यानं माझ्याकडे न बघता गाळाची पाटी पुढे केली. मी घेतली.

पाणी संपलं तसा गाळ काढला. तो खाली उतरून भरत होता, मी वर ओढत होतो, बायका लांब नेऊन टाकत होत्या. केरबा सूचना देत होता. रंगूबाईनं त्याच्या हातात एक पाटी दिली तेव्हा गिरणीत गिऱ्हाईक थांबलंय असं त्याला आठवलं.

दिवसभर काम. आमच्यात एवढंच बोलणं झालं: "वड." "वडतो." अंगाची पार लाकडं झालीत. कासव अजून दिसलं नाही.

२८ एप्रिल
यल्लाप्पा आला. दुपारपर्यंत तळ लागला. झरे मोकळे झाले, खडकातून स्वच्छ पाणी पाझरायला लागलं. खालून जोतीराम ओरडला, घावलं! त्यानं पाटीत घालून वर पाठवलं. मी गार्डसमोर ठेवलं आणि सॅल्यूट केला. तेवढ्यात खालून पुन्हा आवाज. "थांब, लाला. अजून येक हाय."

दुसरं वर आलं. पहिल्यासारखंच. काळं, परातीएवढं. यल्लाप्पा म्हणाला, "दोन धरली हुती?" मी शपथ घेऊन सांगितलं, एकच.

जोतीराम वर आला. अंगभर गाळ. दोन्हींकडे बघत राहिला. मग गार्डला म्हणाला, "येक आमच्या आबांनी सोडल्यालं हाय. ह्यो भरती होऊन गेला त्या साली. आबा म्हनायचं, लाला न्हाई तर न्हाई, हिरीत कोनतरी ऱ्हाऊ दे."

आबा म्हणजे आमचे वडील. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे विहिरीत एवढी वर्षं कासव होतंच. आणि पाणी हिरवं झालं ते त्याच्यादेखत. म्हणजे माझी योजना. असो.

यल्लाप्पानं विचारलं, "आता ह्यातलं परवाचं कंचं?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही उलटसुलट करून पाहिली. राहीला विचारलं, धरलं तूच. म्हणाली, "मी काय त्येचं त्वांड न्याहाळलं हुतं?" यल्लाप्पा बराच वेळ डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "मला बी वाईट वाटतंय. पन चुकून तुमचं न्हेलं आन रानातलं ऱ्हायलं, तर माजी नोकरी. दोन्ही सोडावी लागत्याल."

जोतीरामनं वाद घातला नाही. मी घालणार होतो. मुद्दे होते माझ्याकडे. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाटी उचलली.

नदीवर चालत गेलो. एक पाटी माझ्या डोक्यावर, एक त्याच्या. कुणाच्या पाटीत कुठलं, देवाला ठाऊक. त्यानं त्याचं कासव ओंजळीत धरून पाण्यापर्यंत नेलं. त्याच्या पाठीवरचा गाळ बोटानं पुसला. मग सोडलं. मी माझं सोडलं. दोन्ही एकाच दिशेला गेली. यल्लाप्पा टोपी काढून बाजूला उभा होता.

येताना वाटेत मी म्हटलं, दादा, मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तू हुतास कुटं?" रागानं नाही. विचारल्यासारखं.

२ मे
विहीर भरत आली. तळ दिसतो. गाय प्याली. गावातले लोक बघायला येतात आणि जोतीरामला शाबासकी देऊन जातात. राहीनं जोतीराम आणि रंगूबाईला जेवायला बोलावलं. बोलावणं मी पाठवायचं ठरवलंच होतं.

समेटाचं एक छोटं भाषण तयार केलं. दोघांच्याही चुका, पाण्याच्या पाळीचं सुधारित टाइमटेबल, पुढचं धोरण. पंगतीत बसल्यावर घसा साफ केला आणि म्हटलं, गेल्या दोन वर्षांत जे काही घडलं त्याबाबत.

जोतीराम भाकरी कुस्करत होता. मान वर न करता राहीला म्हणाला, "हाक मारली असती येक, तर आलो असतो की."

बास, एवढंच. आणि आमटी मागितली.

पुढचे मुद्दे आठवेनात. त्याचा तांब्या रिकामा दिसला. मी उठलो आणि विहिरीवरून भरून आणला.