तेराव्यानंतरचं मटण

बुधवार, १८ जून. नौपाडा

काल ह्यांचं तेरावं झालं, म्हणून आज धाकट्या दिरांनी घरी मटण करवलं. जेवताना वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, “उसळी खाऊ घालून माझ्या भावाची ताकदच घालवलीस गं.” हे गेले न्यूमोनियाने. मटण बंद करून उसळी सुरू केल्यापासून कोलेस्टेरॉल उतरलं होतं, अधेमधे भूकही लागत नसे. उसळीत काय कमी होतं? पण कोणाला सांगणार? सगळे नळ्या चोखत होते.

निघताना दीर हळूच म्हणाले, “वहिनी, मलाही ब्लॉकेज निघालंय. दादाला उसळ कशी करून देत होतात?”

मघाशी तोंडात मटण होतं का?

“वन्संसमोर विचारा, मग सांगते,” म्हटलं. चपला घालून निघून गेले.