खांबाच्या उजवीकडची खुर्ची

मी, लुडमिला एमिल हावरानेक, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार १०४, कूपर स्ट्रीट, कॅल्डर मिल्स, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. १९४६ ते १९७४ या काळात ड्रिस्कॉल पार्कवर झालेल्या कोणत्याही बेसबॉल सामन्याचा निकाल मी वही न उघडता सांगू शकते. माझ्या वकीलबाई मिस पेटीग्रू यांनी तीन सामने विचारून याची खात्री करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याजोगे कोणी आता उरलेलेही नाही.

यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत मी एक गोष्ट लिहायची टाळली होती. ती यात लिहिली आहे.

कलम १. राहते घर, आतील सामानासह, माझी भाची मार्सेला हिला द्यावे. मागच्या जिन्याची तिसरी पायरी खचलेली आहे. एमिल, म्हणजे माझा नवरा, ती 'उद्या करतो' असे बावीस वर्षे म्हणत होता. मार्सेलाने ती आधी दुरुस्त करावी, मग सामान हलवावे.

कलम २. बँकेतील शिल्लक औषधपाण्याचा आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता अर्धी मार्सेलाला व अर्धी गावच्या वाचनालयाला द्यावी. वाचनालयाने माझ्या नावाची पाटी लावू नये. या गावात पाट्या कशा लावतात हे मी पाहिलेले आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

कलम ३. एमिलची हत्यारे, म्हणजे दोन दंताळी, एक धुमस, सुतळीचे रीळ आणि रेघा मारायची चुन्याची हातगाडी, हायस्कूलच्या मैदानाला द्यावी. एमिल हावरानेक हा अठ्ठावीस वर्षे ड्रिस्कॉल पार्कचा मैदानमाळी होता. तिसऱ्या बेसकडची रेघ त्याने मुद्दाम बोटभर आत उतरती ठेवली होती, म्हणजे आमच्या स्टोकर्स संघाच्या खेळाडूने हळूच ढकललेला चेंडू रेघेबाहेर न जाता आतच राहावा. पाहुण्या संघाचे मॅनेजर खिशातून गोटी आणून त्या रेघेवर सोडून बघत. गोटी आत घरंगळे. एमिल म्हणे, "अहो, गोटीच वाकडी आहे तुमची!" १९६२च्या जूनमध्ये लीगच्या कचेरीतून लेखी ताकीद आली की, या मैदानावरच्या रेघांत पुन्हा काही गैर आढळल्यास माळ्याला कामावरून काढण्यात येईल. ही ताकीद वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी. हायस्कूलच्या मुलांनी रेघा सरळ माराव्यात.

कलम ४. पुढच्या खोलीतील दोन लाकडी खुर्च्या, क्रमांक ११ व १२, ड्रिस्कॉल पार्क पाडले तेव्हा मी विकत घेतल्या. दोन्ही एकाच बिडाच्या पायावर बसवलेल्या आहेत. त्या कापून वेगळ्या करू नयेत. त्या मार्सेलाला द्याव्यात.

या खुर्च्या कुठे होत्या ते सांगणे भाग आहे. होम प्लेटच्या, म्हणजे चेंडू मारणारा उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागे, सहावी रांग, आणि समोर छपराचा लोखंडी खांब. कर्मचाऱ्यांच्या बायकांना खांबामागच्या जागा फुकट असत, म्हणून मला अकरा नंबर मिळाला. बारा नंबर अर्ध्या दरात मिळतो म्हणून ऑरव्हिल टिबेट्स या आमच्या पोस्टमनने घेतला. मला मैदानाची डावी बाजू दिसे, त्यांना उजवी. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडे काय चाललंय?"

मी म्हणाले, "तिसऱ्या बेसवर एक जण उभा आहे. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे दोन कबुतरं. त्यातलं एक आपल्याच संघाचं वाटतंय."

तिथून पुढे सतरा हंगाम आम्ही मिळून एक सामना पाहत होतो. माझ्याकडे घडेल ते मी सांगायचे, त्यांच्याकडे घडेल ते त्यांनी, आणि वहीत मी लिहायचे. मान वाकडी करून खांबापलीकडे बघायचे नाही, हा नियम. एकदा मी चुकून वाकले तर टिबेट्स दोन डाव बोलले नाहीत. म्हणाले, "बघायचंच असेल तर मी घरी जातो की!" त्यानंतर मी कधी वाकले नाही.

त्या मैदानाच्या खोडी लिहायच्या तर वेगळे बाड लागेल. दोन्ही संघांना मिळून एकच मोरी होती. फलकावर आठाचे आकडे दोनच होते, तिसरा लागला की दोन तिनांच्या पाट्या एकमेकींकडे तोंड करून टांगत. आणि उजव्या कोपऱ्यामागे लाँड्री होती. ती दुपारी चारच्या ठोक्याला वाफ सोडी, आणि वारा नदीकडून असला की उजवे मैदान पाच मिनिटे दिसेनासे होई. पाहुणे चिडत. आम्ही त्या वेळात सॉसेज आणायला उठत असू. आता तिथे गाड्या लावायची फरसबंद जागा आहे आणि म्हातारे लोक तिथे उभे राहून खांब कुठे होता यावर भांडतात. सगळे चुकीची जागा दाखवतात. मी सांगायला जात नाही.

कलम ५. धावसंख्येच्या एकोणतीस वह्या वाचनालयाला द्याव्यात. १९४६ ते १९६२ च्या वह्या पूर्ण आहेत. त्यापुढच्या बारा वह्यांत उजव्या बाजूचे रकाने कोरे आहेत. ते विसरून राहिलेले नाहीत. त्याचे कारण खालीलप्रमाणे.

सप्टेंबर १९६२, शनिवार, हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलो असतो तर विजेतेपद आमचे होते. सहाव्या डावात पाऊस येऊन गेला, रेघा वाहून गेल्या, एमिलने त्या पुन्हा मारून घेतल्या. नववा डाव, आम्ही एका रनने मागे, दोन बाद, बेसवर दोन जण. चार वाजले. लाँड्रीने वाफ सोडली. आमच्या गड्याने चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला. मला काहीच दिसले नाही, आणि ते योग्यच होते. टिबेट्स उभे राहून ओरडले, "फेअर! बाई, लिहा, रेघेवर पडला! पांढरं उडालं!" मी वहीत 'फेअर' लिहिले. दोन्ही रन झाले असते. पंचाने वाफेत डोळे बारीक करून पाहिले आणि हात बाहेर केला, म्हणजे चेंडू रेघेबाहेर, फाऊल. पुढच्याच चेंडूवर आमचा गडी बाद झाला आणि हंगाम संपला.

संध्याकाळी सगळे एमिलच्या भावाच्या, गसच्या, बारमध्ये जमले. टिबेट्स सांगत होते की पांढरे उडालेले त्यांनी स्वतः पाहिले. गस म्हणाला, "अरे, पावसात भिजलेला चुना उडतो होय? तुझा चष्मा पूस आधी!" लोक हसले. टिबेट्स म्हणाले, "एमिलला विचारा." गसने विचारले, "काय रे दादा, ओला चुना उडतो का?" एमिल ग्लासात बघत म्हणाला, "ओला चुना उडत नाही."

हे वाक्य शब्दशः खरे होते. एमिल खोटे बोलला नाही, एवढे मी त्याच्या बाजूने नोंदवते.

मग गस मला म्हणाला, "वहिनी, बघताय काय? खोडा ते!" मी पर्समधून रबर काढले, सगळ्यांसमोर 'फेअर' खोडले आणि 'फाऊल' लिहिले. टिबेट्स म्हणाले, "बाई, सतरा वर्षं तुम्ही माझ्या डोळ्यांनी लिहिलंत." मी म्हणाले, "पंच सांगतो ते लिहायचं असतं, टिबेट्स. आणि तुम्हाला दिसलं नाही, तर दिसलं नाही म्हणावं माणसानं." त्यांनी टोपी घातली आणि ते गेले. बारा नंबरच्या खुर्चीवर ते पुन्हा बसले नाहीत. लोकांनी तिथे बसायचा प्रयत्न केला. मी तिथे माझा कोट ठेवत असे.

गसने त्यांचे नाव 'धुरळा' ठेवले. "काय धुरळा, आहे का पत्र?" असे लोक त्यांना दारोदार विचारत, ते निवृत्त होईपर्यंत. आमच्या दारातही टिबेट्स रोज येत. टपाल पेटीत टाकत आणि वर न बघता पुढे जात. टपालात कधी हयगय झाली नाही.

१९९१च्या मार्चमध्ये एमिल इस्पितळात होता. एका सकाळी मला म्हणाला, "लिडा," तो मला लिडाच म्हणे, "ते पीठ होतं."

"कसलं पीठ?"

"पॅनकेकचं. चुना सगळा भिजून गोळा झाला होता. शेवटच्या डावाआधी उजव्या कोपऱ्यातली रेघ मी खाण्याच्या स्टॉलवरच्या पिठानं मारली. कोरडं होतं ते. उडालं असणार."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"नोकरी गेली असती. ताकीद नव्हती का आली?" एवढे बोलून त्याने सूप मागितले. चौथ्या दिवशी तो गेला. पंचाने फाऊल दिलाच होता. एमिल बोलला असता तरी निकाल बदलला नसता, पण एका माणसाची पत राहिली असती.

पुढच्या वर्षी गसने फरसबंद जागेवर पाटी लावली: 'एमिल हावरानेक, ज्याची रेघ कधी चुकली नाही.' मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. तेव्हाच उठून सांगायला हवे होते. मेलेल्या नवऱ्याची लाज राखते आहे असे मी स्वतःला सांगत राहिले. खरे तर ती लाज माझी होती. एमिल नोकरी जाईल म्हणून भ्याला, त्याला निदान कारण होते. मी सतरा वर्षे ज्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबले, त्याला एका संध्याकाळी चार लोक हसले म्हणून खोटे पाडले, आणि खरे कळल्यावरही बारा वर्षे तोंड शिवून बसले. याचे मला फार वाईट वाटते. वकीलबाई म्हणतात, हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहे. ते ठेवावे.

१९६२च्या वहीत, मिस पेटीग्रू यांच्या समक्ष, मी 'फाऊल' खोडून शाईने 'फेअर' लिहिले आहे व बाजूला सही केली आहे. सामना आम्ही हरलो, ते तसेच राहील.

कलम ६. माझे दीर गस हावरानेक यांना पॅनकेकच्या पिठाची पाच पौंडांची एक पिशवी द्यावी. ती त्यांनी शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक असताना, बारसमोरच्या ओल्या फरशीवर रेघ मारून वापरावी आणि तिच्यावर चेंडू टाकावा. काय उडते ते सर्वांनी पाहावे. नंतर कलम ५ मोठ्याने वाचावे. गस यांचा चष्मा त्यांनी आधी पुसून घ्यावा.

कलम ७. ऑरव्हिल टिबेट्स, वय पंच्याऐंशी, यांना या मृत्युपत्रान्वये मी काहीही देत नाही. याचा कोणी वाकडा अर्थ काढू नये. आधीच्या मसुद्यात बारा नंबरची खुर्ची त्यांच्या नावे होती. पण वकीलबाईंनी सांगितले की, ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. खुर्ची किंवा साक्ष, दोहोंपैकी एकच. मी साक्ष निवडली. खुर्ची कोणालाही देता येते. या गावात त्यांची साक्ष मीच खोडली होती, तेव्हा ती मागायचीही मीच.

मार्सेलाकरवी त्यांना निरोप दिला आहे की, गुरुवारी अकरा वाजता माझ्या घरी यावे, आधी कलम ५ त्यांना वाचून दाखवले जाईल, आणि मग वाटले तर सही करावी. त्यांनी हो म्हटले नाही, नाही असेही म्हटले नाही. फोन ठेवला, असे मार्सेला म्हणते. ते आले नाहीत तर साडेअकराला शेजारचे चष्मेवाले मिस्टर लुंडग्रेन येऊन सही करतील. कायद्याने मृत्युपत्र तेवढेच पक्के होईल. माझ्या दृष्टीने होणार नाही, पण त्याला इलाज नाही.

टिबेट्स हयात असेपर्यंत ती खुर्ची कोणी वापरावी याबद्दल मला एक वाक्य लिहायचे होते. वकीलबाई म्हणाल्या, लिहू नका, साक्ष जाईल. लिहिलेले नाही. मार्सेला शहाणी आहे.

कलम ८. मला एमिलशेजारीच पुरावे. त्याच्या डावीकडे. माझी सवय ती आहे.

येणेप्रमाणे आठ कलमे मी वाचून, समजून, आज खाली सही करत आहे.

(सही) लुडमिला ए. हावरानेक
मुक्काम कॅल्डर मिल्स, ओहायो. गुरुवार, १६ ऑक्टोबर २००३.

साक्षीदार पहिल्या: डोरिस केम्प, टंकलेखिका, मिस पेटीग्रू यांची कचेरी. मृत्युपत्रकर्तीने माझ्यासमक्ष सही केली.

साक्षीदार दुसरे (स्वहस्ते): ऑरव्हिल टिबेट्स, निवृत्त पोस्टमन. यायला अकरा वाजून वीस मिनिटं झाली, कोपऱ्यावर थांबलो होतो. कलम पाच दोनदा वाचून घेतलं. बाई अकरा नंबरवर बसल्या होत्या, मी बारावर. त्यांनी सही केली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. या वेळी मध्ये खांब नव्हता.