आमच्या प्रतिनिधीकडून

लातूर,
१८ जून २००६

प्रिय मल्लिनाथ,

नमस्कार. आम्ही ठीक. ऊन उतरलं, नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, प्रमोदिनीचे गुडघे कुरकुरतात. नांदेडला आलो की उमावहिनींच्या हातची धपाटी खाईन, असं तुला दर पत्रात लिहितो. या वेळी लिहीत नाही.

निकालाचा हंगाम आहे. पहिल्या पानावर बातमी नाही, नुसते गुणवंतांचे फोटो. मुलाखतीसुद्धा क्लासवाले लिहूनच पाठवतात. आम्ही फक्त मुलाचं नाव तपासतो. जाहिराती आणायच्या आम्हा बातमीदारांनीच. सकाळी ज्याच्या दारात पुरवणीसाठी जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी काय लिहिणार, कपाळ! शिसारी येते रे. पण जेवण जातं, हेही खरं.

या क्लासवाल्यांवरच्या तुझ्या माहितीपटाचा कॉलेजातला खेळ रद्द झाला, त्या सकाळी तू फोन केलास. "श्रीपाद, तुमच्या पेपरात 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून कुणी लिवलंय रे? मी पोरीला पढवून बोलायला लावलं म्हणे. कॉलेजवाले हॉल न्हाई म्हणून राहिलेत." मी म्हणालो, शोधून सांगतो.

सांगतो. मीच तो.

ती पोर, शिवानी, काय बोलली हे मी तुझ्याच घरी बसून पाहिलं होतं. तिचा फोटो तीन क्लासच्या फलकांवर, आणि ती हसत सांगते, "मी तिन्हीत एक दिवसबी गेले न्हाई. घरीच अभ्यास केला." त्यात खोटं काहीच नव्हतं.

प्रमोदिनीला मी सांगितलं, मालकांनी लिहायला लावलं. तीही थापच. आमचे मालक महादेवप्पा एवढंच म्हणाले, "क्लासवाले नाराज हायत, जरा सांभाळून घ्या." मी गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. 'पढवलेली मुलगी' हे शब्द माझे. तेवढं स्वातंत्र्य मला होतं आणि ते मी असं वापरलं.

ते शब्द मला इतके सहज का सुचले, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. भूकंपानंतरचा तिसरा दिवस. औशाच्या पलीकडच्या त्या गावात नागुबाई तीन दगडांच्या चुलीवर सगळ्यांसाठी पिठलं करत होत्या. मी त्यांना उठवून ढिगाऱ्यावर बसवलं आणि तिथलाच एक लहान बूट हातात दिला. त्या म्हणाल्या, "सायेब, माझी लेकरं जिती हायत. दुसऱ्याच्या मेल्या लेकराचं धरायला लावू नका." मी म्हणालो, "एकच मिनिट, मावशी." लग्नं चित्रित करायचा तुझा भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा सुरूच होता. तू तो खाली ठेवलास आणि त्यांच्या हातातला बूट काढून घेतलास. तोवर माझा फोटो निघाला होता. त्यावर पारितोषिक मिळालं, नोकरी पक्की झाली. कार्यालयात तो अजून लटकतोय. त्यावर थुंकावंसं वाटतं, आणि रोजचा चहा मी त्याच्याखालीच पितो.

ती कॅसेट तुझ्याकडे आहे. तेरा वर्षांत तू ती कुणाला दाखवली नाहीस. परवा हॉल गेला, खोटारडा ठरलास, तेव्हाही नाही. तुझा हा चांगुलपणाही आता सहन होत नाही. दाखव. त्याच हॉलमध्ये, शिवानीच्या आधी. हे पत्र प्राचार्यांना दे, शिवानीच्या वडिलांना दे. त्यांची मुलगी खरं बोलली, हे त्यांनी माझ्या हस्ताक्षरात वाचावं. दुसऱ्या एखाद्या पेपरनं छापलं तर छापू दे.

नोकरी जाईल. जाऊ दे, असं ऐटीत लिहवत नाही; भीती वाटते. तरी पाकिटावर तिकीट लावलंय आणि पेटीत टाकायला मीच जाणार आहे.

छापलंच तर एक बघ. खाली 'प्रतिनिधी' घालू देऊ नकोस.

श्रीपाद नरहर कंधारकर